२१५ मोठे की १२४?

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यायचं मी कबूल केलं, तेव्हा संपादिकाबाईंनी सहज विचारलं, "विषय काय?" मी म्हटलं, "आइस हॉकी. एकाच हंगामात एकट्या खेळाडूने सगळ्यांवर सर्वांत जास्त वर्चस्व कधी गाजवलं, त्याचा इतिहास." फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मग त्या म्हणाल्या, "बरं. पण आमच्यासारख्यांना कळेल असं लिहा हं!" तेव्हा मंडळी, जी पहाटे साडेपाचला मुलांना रिंकवर सोडून काचेमागे कॉफीचा कप धरून कुडकुडत उभी असतात, त्यांच्यासाठी हा लेख आहेच, पण टीव्हीवर हॉकी लागली की जी चॅनल बदलतात, त्यांच्यासाठीही आहे.

माझी आणि या खेळाची ओळख झाली ती एडमंटनमध्ये. २००५ च्या सप्टेंबरात मी तिथे मास्टर्स करायला आलो. त्याआधीचा एनएचएलचा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणापायी रद्द झाला होता, त्यामुळे शहर हॉकीसाठी आसुसलेलं होतं. २००६ च्या वसंतात एडमंटन ऑयलर्स आपल्या विभागातून आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर प्लेऑफमध्ये शिरले आणि डेट्रॉइट, सॅन होजे, अॅनाहाइम अशा एकेकाला घरी पाठवत थेट स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत पोचले. सातव्या सामन्यात कॅरोलायनाकडून हरले, तेव्हा आमच्या बेसमेंटमधले आम्ही चौघे देशी विद्यार्थी, ज्यांना स्केट्सवर धड उभंही राहता येत नव्हतं, घरचं कोणी गेल्यासारखे बसलो होतो. वरच्या मजल्यावरचे घरमालक खाली येऊन म्हणाले, "हे काहीच नाही. तुम्ही ग्रेट्झ्की बघितला नाहीत."

तेव्हापासून मी ग्रेट्झ्कीच्या पक्षातला. पंधरा-सोळा वर्षं मी हा वाद ऑफिसात, मित्रांत, टिम हॉर्टन्सच्या टेबलावर घातला आणि बहुतेक वेळा जिंकलो. (जाता जाता: ज्यांच्या नावाची कॉफी आपण रोज पितो ते टिम हॉर्टन हे टोरांटो मेपल लीफ्सचे नावाजलेले डिफेन्समन होते. पहिलं दुकान १९६४ मध्ये हॅमिल्टनला निघालं.) पण २०२२ च्या ऑक्टोबरात माझे बाबा सहा महिन्यांसाठी मिसिसागाला आमच्याकडे राहायला आले, आणि माझा खटला पुन्हा उभा राहिला.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. पुण्यात रविवारी क्लब क्रिकेटच्या सामन्यांत स्कोअरर म्हणून बसायचा त्यांना तीस वर्षांचा नाद. थंडीमुळे बाहेर पडता येईना, म्हणून शनिवारी रात्री माझ्याबरोबर हॉकी बघू लागले. मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला. एक्सेलमध्ये शंभर वर्षांचे महान हंगाम ओळीने मांडले होते. नियम सोपा: गोल केला की एक पॉइंट, त्या गोलासाठी पास दिला की असिस्टचा एक पॉइंट; असे असिस्ट एका गोलामागे जास्तीत जास्त दोघांना मिळतात. बाबांनी चष्मा लावला, तक्ता वरून खाली वाचला आणि तीनच प्रश्न विचारले. "सामने किती? समोर कोण? आणि त्या वर्षी खेळपट्टी कशी होती?"

सामने किती, समोर कोण

तक्त्यात सर्वांत वर होता जो मलोन. एनएचएलची स्थापना १९१७ साली मॉन्ट्रियलमध्ये झाली आणि १९१७-१८ च्या पहिल्याच हंगामात मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या या खेळाडूने २० सामन्यांत ४४ गोल केले. सामन्यामागे दोनाहून जास्त! ही सरासरी पुढे कोणाला गाठता आलेली नाही. पण संघ होते फक्त चार, आणि त्यातल्या मॉन्ट्रियल वाँडरर्सचं रिंक जानेवारीत जळाल्याने तो संघ बाहेर पडला, राहिले तीन. त्या हंगामाच्या सुरुवातीला तर गोलरक्षकाने पक अडवायला बर्फावर आडवं पडायला बंदी होती. ती जानेवारी १९१८ मध्ये उठली. दुसरीकडे पुढे पास द्यायलाही मनाई होती, म्हणजे मलोनला स्वतःच वाट काढत जावं लागे. बाबा म्हणाले, "हा वेगळाच खेळ झाला. याला मान द्या, पण शर्यतीत धरू नका."

दुसरा मोरिस रिशार, टोपणनाव 'रॉकेट'. १९४४-४५ मध्ये ५० सामन्यांत ५० गोल. क्रिकेटमध्ये शतकाला जो मान, तो हॉकीत पन्नास गोलांना मिळाला तो याच्यामुळे. त्याच हंगामात, २८ डिसेंबर १९४४ ला, दिवसभर घर बदलायचं सामान वाहून रात्री तो डेट्रॉइटविरुद्ध खेळला आणि पाच गोल, तीन असिस्ट करून आला. (मूव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सिक लीव्ह घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं.) पण समोर कोण होतं? महायुद्ध चालू होतं आणि लीगमधले कितीतरी खेळाडू सैन्यात गेले होते. शिवाय त्या वर्षी एकूण पॉइंट सर्वांत जास्त होते ते त्याच्याच संघातल्या एल्मर लाकचे, ८०, रिशारचे ७३. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा हार्ट करंडकही लाकलाच मिळाला. आपल्याच ओळीत दुसरा आलेला माणूस हंगामाचा सम्राट कसा ठरवायचा?

महागाई सगळ्यांनाच

मग आला माझा हुकमाचा एक्का. वेन ग्रेट्झ्की, ऑन्टारिओतल्या ब्रँटफर्डचा, वडिलांनी घरामागच्या अंगणात पाणी गोठवून केलेल्या रिंकवर वाढलेला. १९८१-८२ मध्ये एडमंटनसाठी ८० सामन्यांत ९२ गोल आणि १२० असिस्ट, एकूण २१२. पहिले ५० गोल ३९ सामन्यांतच झाले. ३० डिसेंबर १९८१ ला फिलाडेल्फियाविरुद्ध एका रात्रीत पाच गोल करून त्याने तो टप्पा गाठला. पुढे १९८५-८६ मध्ये ५२ गोल, १६३ असिस्ट, २१५ पॉइंट. हा विक्रम आजही उभा आहे.

आता बाबांचा खेळपट्टीचा प्रश्न इथे फार महत्त्वाचा. १९८१-८२ मध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. १९९७-९८ मध्ये ते सव्वापाचवर आले. म्हणजे ऐंशीच्या दशकातली खेळपट्टी पाटा होती. तिथले पॉइंट आणि नव्वदीतले पॉइंट एका पिशवीत घालता येत नाहीत.

मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. "बाबा, म्हणूनच आकडा बघू नका, दुसऱ्या नंबरपासूनचं अंतर बघा." १९८१-८२ मध्ये दुसरा होता माइक बॉसी, १४७ वर, अंतर ६५. १९८३-८४ मध्ये ग्रेट्झ्की २०५, तेही ७४ सामन्यांत, आणि दुसरा त्याच्याच संघातला पॉल कॉफी १२६, अंतर ७९. त्या हंगामात सलग ५१ सामन्यांत त्याने किमान एक तरी पॉइंट मिळवला आणि एडमंटनने पहिला स्टॅनली कप जिंकला. १९८५-८६ मध्ये दुसरा मारिओ लेम्यू १४१ वर. म्हणजे ग्रेट्झ्कीने त्या वर्षी एकही गोल केला नसता, तरी नुसत्या १६३ असिस्टवर तो पहिलाच आला असता!

बाबांनी मान डोलावली. "हे बरोबर आहे. महागाई होती, पण ती सगळ्यांनाच होती. बाकीच्यांना का नाही जमलं?" बँकेतल्या माणसाकडून मिळालेला हा निकाल मी दिग्विजयासारखा साजरा केला.

रेडिएशन करून आलेला माणूस

पण विरोधी पक्ष घरातच होता. माझी लेक तेव्हा बारा वर्षांची, मुलींच्या संघात डिफेन्स खेळणारी. तिचा देव कॉनर मॅकडेव्हिड, इथूनच तासाभरावरच्या न्यूमार्केटमध्ये वाढलेला. त्या हंगामात तो रोजच काहीतरी करत होता. एप्रिल २०२३ मध्ये हंगाम संपला तेव्हा ६४ गोल, ८९ असिस्ट, १५३ पॉइंट. १९९५-९६ नंतर इतके पॉइंट कोणीच केले नव्हते. लेकीचं म्हणणं, "बाबा, तुमच्या वेळचे गोली बघा यूट्यूबवर! छोटे छोटे पॅड्स. आता ३२ टीम आहेत, सगळ्या जगातून प्लेयर्स येतात." मुद्दा खोटा नाही. पण दुसऱ्या क्रमांकावर त्याचाच साथीदार लिऑन ड्रायसायटल १२८ वर होता. अंतर २५. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निकाल राखून ठेवला.

ख्रिसमसच्या सुट्टीत आम्ही तिघं टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेलो. यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची ती इमारत म्हणजे १८८५ साली बांधलेली बँक ऑफ मॉन्ट्रियलची शाखा. बाबा आधी छताकडे बघत उभे राहिले, मग तिजोरीच्या खोलीत गेले. लॉर्ड स्टॅनलींनी १८९२ मध्ये देऊ केलेलं मूळ चांदीचं भांडं तिथेच ठेवलंय. "तिजोरीचा यापेक्षा चांगला उपयोग मी चाळीस वर्षांत पाहिला नाही," असं म्हणून ते पुढे निघाले.

तिथून परतताना गाडीत मी त्यांना मारिओ लेम्यूची गोष्ट सांगितली. पिट्सबर्ग पेंग्विन्सचा हा धिप्पाड खेळाडू. १९८८-८९ मध्ये त्याने १९९ पॉइंट केले होते, पण माझ्या मते त्याचा खरा हंगाम १९९२-९३ चा. पहिल्या ४० सामन्यांत १०४ पॉइंट करून तो ग्रेट्झ्कीच्या विक्रमाच्या वाटेवर होता. जानेवारी १९९३ मध्ये जाहीर झालं की त्याला हॉजकिन्स लिंफोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग आहे. वय २७. रेडिएशनचे २२ डोस घेतले. शेवटचा डोस २ मार्चला सकाळी झाला आणि त्याच संध्याकाळी तो फिलाडेल्फियाच्या रिंकवर उतरला. एक गोल, एक असिस्ट. प्रतिस्पर्ध्यांना हूट करण्यासाठी प्रसिद्ध असलेले तिथले प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मधल्या काळात बफेलोचा पॅट लाफाँटेन १२ पॉइंटनी पुढे गेला होता. लेम्यूने उरलेल्या २० सामन्यांत ५६ पॉइंट केले आणि हंगाम संपला तेव्हा तोच १२ ने पुढे होता: ६० सामन्यांत १६०, लाफाँटेनचे ८४ सामन्यांत १४८. पिट्सबर्गने त्या काळात सलग १७ सामने जिंकले.

गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. आमच्या घरात त्या उपचारांची खोली सगळ्यांनी पाहिलेली आहे. आई त्यातूनच गेली. शेवटी बाबा म्हणाले, "हा सगळ्यांत शूर. पण शौर्य आणि वर्चस्व या वेगळ्या गोष्टी आहेत. शौर्याची बेरीज करू नये." मला ते पटलं, आणि थोडं लागलंही.

"मग तू करतेस काय?"

खरा उलगडा जानेवारीत झाला. लेकीची मॅच बघायला बाबा पहिल्यांदा रिंकवर आले. तिचा संघ ३-१ ने जिंकला. घरी येताना त्यांनी सहज विचारलं, "तुझे गोल किती झाले गं या वर्षी?"

"झिरो."

"आणि ते असिस्ट?"

"दोन."

"मग तू करतेस काय?"

प्रश्न साधा होता, पण पोरगी हिरमुसली. रात्री जेवताना मात्र ती वही घेऊन आली आणि तिने आजोबांना प्लस-मायनस समजावून सांगितलं. मराठीत! एरवी चार शब्दांनंतर इंग्रजीवर घसरणारी आमची लेक पंधरा मिनिटं अडखळत, हाताने बर्फ आणि पक दाखवत बोलत होती. "आजोबा, असं बघा. दोन्हीकडे सेम प्लेयर्स आहेत, कोणी पेनल्टीत बसलेलं नाही. आपला गोल झाला, तर जे कोणी बर्फावर होते त्या सगळ्यांना प्लस एक. आपल्यावर झाला तर मायनस एक. गोल कोणी केला ते मॅटर नाही करत. मी प्लस नऊ आहे. म्हणजे मी असताना आपल्याला जास्त मिळतं, दुसऱ्यांना कमी."

बाबा एकदम सरसावून बसले. तीस वर्षं स्कोअर लिहिणाऱ्या माणसाला नवीन रकाना मिळाला होता. "अरे, मग हा आकडा तुझ्या तक्त्यात का नाही?" त्यांनी मला विचारलं. "माणूस मैदानात असताना काय होतं, हे सोडून तू नुसतं त्याने काय नेलं तेच मोजतोयस."

मी तो रकाना जोडला. एनएचएलच्या इतिहासात एका हंगामातला सर्वोच्च प्लस-मायनस आहे अधिक १२४. वर्ष १९७०-७१, संघ बॉस्टन ब्रुइन्स, खेळाडू बॉबी ऑर. आणि ऑर होता डिफेन्समन!

ऑन्टारिओतल्या पॅरी साउंड या छोट्या गावचा हा मुलगा १९६६ मध्ये, १८ व्या वर्षी बॉस्टनकडून खेळू लागला. तोपर्यंत डिफेन्समनचं काम ठरलेलं: मागे उभं राहायचं, अडवायचं, पक पुढच्यांच्या हवाली करायचा. ऑर स्वतःच पक घेऊन निघायचा, अख्खं रिंक ओलांडून गोल करायचा, आणि प्रतिस्पर्ध्यांनी उलटा हल्ला करेपर्यंत पुन्हा आपल्या जागी आलेला असायचा. १९६९-७० मध्ये १२० पॉइंट करून तो लीगमध्ये पहिला आला. तोवर कोणत्याच डिफेन्समनने असं केलं नव्हतं. त्या एका वर्षात त्याने हार्ट, नॉरिस, आर्ट रॉस आणि कॉन स्मिथ असे चार मोठे वैयक्तिक करंडक मिळवले आणि १० मे १९७० ला जादा वेळेत गोल करून बॉस्टनला स्टॅनली कपही मिळवून दिला. पुढच्या वर्षी ३७ गोल, १०२ असिस्ट, १३९ पॉइंट आणि ते अधिक १२४. योगायोग असा की तो हंगाम संपत आला होता त्याच महिन्यांत वेस्ट इंडिजमध्ये आपला सुनील गावसकर पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढत होता. हे कळल्यावर बाबांच्या मनात ऑरचं पारडं आपोआप थोडं जड झालं, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

मी उत्साहात हिशोब मांडला: त्या वर्षी बॉस्टनने ३९९ गोल केले, २०७ खाल्ले, फरक १९२. त्यातले १२४ ऑरचे, म्हणजे उरलेल्या संघाचे फक्त ६८! बाबांनी वही बघितली. "चूक. तुझ्या लेकीने काय सांगितलं? समोरचा पेनल्टीत बसलेला असताना केलेले गोल यात धरत नाहीत ना? मग एकूण फरकातून वजाबाकी कशी करतोस? दोन वेगळी खाती आहेत." आयटीत इतकी वर्षं काढून मला डेटाची व्याख्या पंच्याहत्तरीच्या गृहस्थांनी शिकवली. बरोबर तुलना अशी: त्याच संघातला फिल एस्पोझिटो त्या वर्षी ७६ गोल आणि १५२ पॉइंट करून लीगमध्ये पहिला होता, आणि त्याचा प्लस-मायनस होता अधिक ७१. संघ तोच, सामने तितकेच. तरी ऑर ५३ ने पुढे.

आक्षेप आहेत, आणि ते दडवू नयेत. लीग १९६७ मध्ये सहा संघांवरून बारा झाली, १९७० मध्ये चौदा. नवे संघ कच्चे होते. प्लस-मायनस बलाढ्य संघात फुगतो. यादीत दुसरा लॅरी रॉबिन्सन, अधिक १२०, हाही १९७६-७७ च्या मॉन्ट्रियलचा, जो संघ ८० पैकी आठच सामने हरला होता. आणि इतकं सगळं करून १९७१ मध्ये बॉस्टन पहिल्याच फेरीत हरलं! मॉन्ट्रियलच्या गोलमध्ये उभा होता केन ड्रायडन, कायद्याचा विद्यार्थी, ज्याने नियमित हंगामात अवघे सहा सामने खेळले होते.

आणि हो, गोलरक्षकांना विसरलो तर लेकीच्या संघातली गोली मला घरात घेणार नाही. बफेलोच्या डॉमिनिक हाशेकने १९९७-९८ मध्ये शंभरातले ९३ शॉट अडवले, १३ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही, आणि मध्येच फेब्रुवारीत नागानोला जाऊन चेक प्रजासत्ताकाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. उपांत्य सामन्याच्या शूटआउटमध्ये कॅनडाचे पाचही खेळाडू त्याने परतवले. हार्ट करंडक दोनदा मिळवणारा तो एकमेव गोलरक्षक. त्याच्या खात्यात पॉइंटच नसतात. नुसता पॉइंटांचा तक्ता पाहिला तर हा माणूस त्या वर्षी खेळलाच नाही असं वाटेल.

तर निकाल. दुसऱ्यापासूनच्या अंतरावर ग्रेट्झ्कीला तोड नाही, आणि वाद फक्त पॉइंटांचा असेल तर १९८३-८४ समोर मी आजही कोणाला उभं करणार नाही. पण पॉइंट हे एका माणसाच्या नावावर जमा झालेलं असतं. वर्चस्व म्हणजे तो बर्फावर आल्याने बाकीच्या अकराजणांचा खेळ किती बदलला. त्या मापाने माझं मत, इतक्या वर्षांनंतर, बॉबी ऑरच्या १९७०-७१ ला. त्याचा डावा गुडघा फार काळ टिकला नाही. कारकिर्दीत एकूण ६५७ सामने, आणि तिशीत निवृत्ती. पण आज डिफेन्समन पक घेऊन पुढे धावतो तेव्हा कोणी ओरडत नाही, हे त्याचं कर्ज आहे.

बाबा मार्च अखेर पुण्याला परतले. रविवारच्या फोनवर आता माझी चौकशी दोन वाक्यांत आटोपते. मग ते म्हणतात, "तिला दे." आणि फोन कानाला लावून आमची लेक आतल्या खोलीत जाते. दार लोटण्याआधी तिकडून येणारा पहिला प्रश्न मला ऐकू येतो. गोल किती झाले, असं ते आता विचारत नाहीत.

"काय गं, प्लस किती?"